सारूआईचं नाक

पेंटरच्या दुकानात किस्से का साठतात, सांगू? रंग वाळायला वेळ लागतो म्हणून! पाटीला पहिला हात मारला की दुसऱ्या हातापर्यंत करायचं काय? बोलायचं. समोरच्या टपरीवरून चहा यायचा, रस्त्यावरचं रिकामटेकडं कुणीतरी येऊन डब्यावर बसायचं, की झालं सुरू. आता माझा हात थरथरतो, ब्रश सुटून जमाना झाला. किस्से मात्र अजून ओलेच आहेत. बसा, सांगतो. घाईत असाल तर आत्ताच उठा, मधेच उठलेलं मला चालत नाही.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या बोळात आमचं दुकान. आम्ही तिघं. मी बसवराज, म्हणजे बसू, शिरूर अनंतपाळच्या किराणा दुकानदाराचा पोरगा. अक्षरं माझी. खाजा देगलूरचा. झाडं, डोंगर, नदी, विहीर त्याची. आणि तिसरा डॅनियल. चेहरे त्याचे.

आमच्या दुकानाला बोर्ड नव्हता! नाव कुणाचं आधी लिहायचं यावर एकमत होईना, म्हणून राहिलाच. गिऱ्हाईक बोळाच्या तोंडाशी विचारायचं, "पेंटरचं दुकान कुठंय हो?" टपरीवाला सांगायचा, "ते काय, जिथं बोर्ड न्हाई ते!"

खाजाची एक खोड होती. बोलायच्या नादात तो ब्रश कशातही बुडवायचा. समोर टर्पेंटाइनचा डबा असला तर टर्पेंटाइनमध्ये, चहा असला तर चहात! आणि वर तोच चहा उचलून प्यायचा. मी एकदा ओरडलो, "अबे खाजा, रंग हाय त्यात!"

"हौ?" खाजा म्हणाला. "मला वाटलं आज अद्रक जास्ती पडली."

ही खोड लक्षात ठेवा बरं का.

०

तेव्हा आमचा जिल्हा नवा झाला. कालपर्यंत जिल्हा उस्मानाबाद, आज जिल्हा लातूर! शाळा, दवाखाना, चावडी, सोसायटी, सगळ्यांच्या पाट्या बदलायच्या. पेंटरांची दिवाळी हो! आणि नेमकी त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. शेतात काही नाही, विहिरीत काही नाही, आणि आम्ही मात्र सायकलला डबे लटकवून गावोगाव फिरायलोत. लोक म्हणायचे, "तुमचं बरं हाय राव, तुमचा धंदा टर्पेंटाइनवर!"

एका गावात मी चावडीवरचं 'उस्मानाबाद' पुसत होतो. सरपंच खुर्ची टाकून बघत बसलेले. म्हणाले, "बसवराज, पार घासून काढू नका. खाली जरा दिसू द्या."

"का हो?"

"उद्या परत बदलला तर? तेवढाच रंग वाचंल!"

शेजारी एक म्हातारी रिकामी कळशी घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "पाटी बदलल्यावर टँकर येतंय का रं बाबा?" मी 'ल' काढायला घेतला.

०

खाजा डोळे काढायचा नाही. त्याच्या घरची ती रीत. झाड काढीन, पाखरू काढीन, पण जीव ओतणं वरच्याचं काम, असं त्याच्या अब्बांनी सांगितलेलं. आता पेंटरनं डोळेच काढायचे नाहीत म्हणजे अवघड काम! डॅनियल दुकानात असला की डोळ्यांपुरता ब्रश त्याच्या हातात द्यायचा, अशी आमची वाटणी होती.

एकदा डॅनियल गावाला गेलेला, आणि एका टांगेवाल्याला टांग्याच्या मागं घोड्याचं चित्र हवं होतं. आजच्या आज! खाजानं घोडा काढला. आयाळ काय, शेपूट काय, बघत राहावं असा. टांगेवाला पुढून मागून बघून म्हणाला, "खाजाभाई, सगळं बरोबर हाय. पण ह्याचे डोळे?"

खाजानं शांतपणे बोट दाखवलं. "झापडं लावलेत ना!"

त्यानंतर दोन वर्षं लातुरातल्या निम्म्या टांग्यांवर झापडं लावलेले घोडे पळत होते!

०

डॅनियल शिरूरजवळच्याच एका गावचा, ख्रिस्ती वस्तीतला. बाप लहानपणीच गेलेला, आई सारूआई. काम शिकला नांदेडला, टॉकीजचे मोठाले बोर्ड रंगवणाऱ्या एका उस्तादाकडं. तिथं गुरुवारी जुना पिक्चर पुसायचा आणि शुक्रवारी नवा उभा करायचा. त्या उस्तादाचा एक नियम होता. पुसताना आधी डोळे पुसायचे. डोळे गेले की उरतो तो नुसता रंग, मग हात भराभर चालतो. डोळे ठेवून बाकीचं पुसायला गेलं की हात अडतो.

डॅनियलचा हात डोळ्यांवरच अडायचा! एकदा त्याच्या वाट्याला व्हिलन आला. हा गडी परांचीवर चढला, व्हिलनसमोर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "माफ कर बाबा." खाली रस्त्यावरचे लोक पोट धरून हसले. उस्ताद म्हणाला, "अरे, त्यानं पिक्चरमध्ये चार खून केलेत!"

आम्हीही त्याला लई चिडवलं यावरून. पण एकदा पाटी वाळत असताना तो मला म्हणाला, "बसू, मी किती तोंडं काढली असतील रे? आज त्यातलं एकबी कुठं शिल्लक न्हाई. सगळी माझ्याच हातानं पुसली." मी चिडवायचं बंद केलं. खाजानं केलं नाही, पण तो खाजाच होता.

०

आता माझे अप्पा. आम्ही लिंगायत. आमचा देव गळ्यात, चांदीच्या डबीत. अप्पांचं म्हणणं असं की देव छातीशी असल्यावर भिंतीवर टांगायचा कशाला? पोरगा तागडी सोडून ब्रश घेऊन बसला, हे तर त्यांना मुळीच पटलेलं नव्हतं. एकदा माल घ्यायला अडतीत आले होते, तेव्हा वाकडी वाट करून दुकानात आले. डॅनियल गुड फ्रायडेसाठी कुणा गिऱ्हाइकाचं चित्र करत होता. येशू क्रुसावर, डोक्याला काटे, हातापायाला खिळे.

अप्पा बराच वेळ बघत राहिले. मग हळूच विचारलं, "ह्याला कुणी सोडवलं न्हाई का?"

डॅनियल म्हणाला, "न्हाई अप्पा."

अप्पा तसेच निघून गेले. पुढच्या खेपेला आले, चहा नको म्हणाले, सरळ डॅनियलला विचारलं, "उतरवलं का त्याला?" त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच, "उतरवलं का रे पोरा?" माझी चौकशी नाही, धंद्याची नाही, येशूची चौकशी! मला हसू यायचं. अप्पांची पावलं माझ्या दुकानाकडं वळायला लागली ती डॅनियलच्या येशूमुळं.

डॅनियल एकदा म्हणाला, "अप्पांसाठी एक बसलेला काढला पाहिजे राव."

०

आणि त्यानं काढला, जिल्हा व्हायच्या आधीच! त्याच्या गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये. वस्तीतले लोक देऊळच म्हणतात. तिथल्या जुन्या पाळकसाहेबांना, म्हणजे पाद्रींना, वेदीमागच्या भिंतीवर क्रूस हवा होता. डॅनियल म्हणाला, "साहेब, क्रूस लई जागी हाय. मी विहिरीवरला काढतो."

ती गोष्ट अशी. येशू चालून चालून दमलेला, भर दुपारी एका विहिरीपाशी बसलाय. एक बाई पाण्याला येते. तिच्या लोकांच्या हातचं पाणी येशूकडचे लोक घेत नसत. आणि हा तिला म्हणतो, बाई, मला पाणी दे. ती बघतच राहते, माझ्या हातचं पितोस? आमच्या भागात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

आम्ही तिघं मिळून गेलो. विहीर आणि लिंबाचं झाड खाजाचं. खाली दोन ओळी अक्षरं माझी. येशू आणि बाई डॅनियलची. बाईसाठी त्यानं आपल्या आईलाच उभं केलं, कमरेवर घागर देऊन, उन्हात! सारूआई कुरकुरत उभी राहिली. चित्र झालं. येशूची नजर वर, बाईच्या तोंडाकडं, आणि बाईची नजर त्याच्याकडं, चकित. मी सांगतो, डॅनियलनं त्याच्यासारखं दुसरं काही काढलं नाही. अप्पाही बघायला आले. म्हणाले, "हां. आता बरं वाटतंय त्याला."

आता बाकीचे काय म्हणाले ते ऐका. एक शेतकरी म्हणाला, विहिरीला रहाट न्हाई. शिवणकाम करणारी बाई म्हणाली, पदर उलट्या खांद्यावर हाय. एक जण म्हणाला, येशू लई वाळलाय. जो आला त्यानं चूक काढली! आणि सारूआई? ती समोर उभी राहिली, पदर तोंडाला लावला, डोळ्यातून घळाघळा पाणी. आम्हाला वाटलं, आता पोराला जवळ घेणार.

म्हणाली, "नाक चुकलंय."

"न्हाई चुकलं," डॅनियल म्हणाला.

"माझं नाक असं हाय का? हे बघ की!"

"आत्ताचं न्हाई ते. मी ल्हान होतो तवाचं हाय. तू पाणी घेऊन यायचीस, मी दारात बसून बघायचो, तवा असंच होतं!"

"कवाबी नव्हतं! नीट कर!"

हे भांडण पुढं दर रविवारी झालं. प्रार्थना संपली की सारूआई म्हणायची, नाक नीट कर. डॅनियल म्हणायचा, नाक बरोबर हाय. दोघंही मागं हटले नाहीत.

०

मग जुने पाळकसाहेब निवृत्त झाले आणि नवे आले. तरुण, किडकिडीत, शहरातले. माणूस प्रामाणिक, आजाऱ्यापाशी बसणारा. पण दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे त्यांच्याजवळ कायम फिरकीच्या झाकणाचा, रुंद तोंडाचा तांब्या. त्यांना मोठी कावीळ होऊन गेलेली, म्हणून फक्त स्वतःचं उकळलेलं पाणी प्यायचे. पहिल्याच दिवशी सारूआईनं पाणी पुढं केलं. दुष्काळातलं पाणी हो, टँकरवर भांडून आणलेलं! साहेब म्हणाले, "नको, माझं आहे बरोबर." सारूआईनं ते पाणी मागच्या कढीपत्त्याला घातलं आणि आत गेली. डॅनियल चिडला तर त्यालाच म्हणाली, "आजारी हाय तो, बोलू नको." पण परत तिनं त्यांना कधी पाणी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट, साहेब चित्राकडं बघत नसत. प्रतिमा करू नका, तिच्यापुढं वाकू नका, ही देवाची आज्ञा आहे असं ते मानत. आत यायचे ते खाली बघत, आणि उपदेश करायचे तो भिंतीकडं पाठ करून. तरी पहिले काही महिने ते काही बोलले नाहीत.

घोटाळा केला टँकरनं! टँकर थांबायचा देवळासमोर, म्हणून अख्ख्या गावच्या बायका सावलीला आत यायच्या. घागरी, कळश्या, डबे, सगळी रांग वेदीपर्यंत! त्यातल्या कुणा बाईला भिंतीवर भरलेली विहीर दिसली. आपल्याकडं विहिरीची पूजा करतातच. तिनं चित्रातल्या विहिरीला हळदकुंकू लावलं, खाली उदबत्ती खोचली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी. आठवड्याभरात तिथं नारळ फुटला!

खाजाला कळलं तेव्हा तो दुकानात नाचायचाच राहिला. "बघा! येशूला सोडून माझ्या विहिरीला कुंकू!"

पाळकसाहेबांनी मात्र डोक्याला हात लावला. डॅनियलला बोलावून म्हणाले, "डॅनियल, मला तुमचा अपमान करायचा नाही. पण ही पूजा आहे. भिंतीला चुना द्यावा लागेल."

"साहेब, त्या बायका विहिरीची पूजा करायल्यात, येशूची न्हाई."

"कशाची का असेना, चित्राचीच ना!"

डॅनियल दुकानात आला आणि डब्यावर बसला. त्या दिवशी त्यानं चहाही घेतला नाही. एवढंच म्हणाला, "एकच उरलं होतं, बसू."

०

पण चुना द्यायचा कसा? चुन्याची कळी भिजवायला पाणी लागतं, आणि प्यायला नाही तिथं चुन्याला कोण देणार? साहेबांनी मला विचारलं, पांढरा ऑइलपेंट मिळेल का. मी म्हटलं, "साहेब, सगळा पांढरा नव्या जिल्ह्याच्या पाट्यांनी खाल्ला!" दुकानात तीन डबे होते. खाजा त्यांच्यावर बसला होता!

शेवटी ठरलं की पाऊस पडला, विहिरीला पाणी आलं, की चुना. म्हणजे बघा डॅनियलची पंचाईत! अख्खा मुलूख पावसासाठी तोंड वासून बसलेला, जनावरं हाडकलेली, आई घागरभर पाण्यासाठी टँकरवर भांडतेय. आणि पाऊस आला की चित्र गेलं.

दर रविवारी देवळात पावसासाठी प्रार्थना व्हायची. सारूआई सगळ्यांत मोठ्यानं मागायची. एकदा लातूरला परत येताना मी डॅनियलला विचारलं, "खरं सांग, तू आमेन म्हणतोस का?"

त्यानं पायडल जोरात मारलं. मग म्हणाला, "म्हणतो की. पण हळू."

०

पाऊस आला. गावची विहीर भरली, टँकर बंद झाला, आणि पाळकसाहेबांचा निरोप आला. डॅनियल म्हणाला, "दुसऱ्या कुणी पुसण्यापरीस मीच पुसतो." त्याला एकट्याला कसं पाठवायचं? आम्ही दोघंही गेलो.

टाकीत कळी टाकली, धूर निघाला, चुना खदखदायला लागला. डॅनियल कुंचला घेऊन शिडीवर चढला आणि आईच्या, म्हणजे चित्रातल्या बाईच्या, तोंडासमोर उभा राहिला. आधी डोळे, हा नियम. त्यानं हात उचलला. हात तिथंच राहिला. कुंचल्यातून चुना त्याच्या मनगटावर, शर्टावर गळायला लागला, तरी हात हलेना. मी मान खाली घातली. मला बघवेना हो.

पाळकसाहेब म्हणाले, "उतरा डॅनियल. मी सांगितलंय, तर माझं मीच करतो." त्यांनी कुंचला घेतला, खाजानं तो पुन्हा बुडवून दिला, आणि साहेब चढले. त्यांनी डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली, लिंबाच्या झाडापासून.

खाजा माझ्या कानात म्हणाला, "माझ्याच झाडापासून कायकू?"

साहेबांना सवय कुठली! चार फटकारे मारले आणि वरून चुना ओघळला तो सरळ तोंडावर. ओठ भाजले, खोकल्याची उबळ आली. कसेबसे खाली उतरले, चाचपडत टाकीजवळच्या बाकड्यावर बसले आणि झाकण काढून ठेवलेला आपला फिरकीचा तांब्या उचलला. आत पांढरंफेक पाणी!

खाजानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! कुंचला त्यातच बुडवलो की मी!"

सारूआई तेवढ्यात विहिरीवरून आली होती, कमरेवर भरलेली घागर. ती दारातून आत आली आणि मधेच थांबली. पुढं झाली नाही, पाणी विचारलं नाही. नुसती उभी राहिली.

साहेबांनी ओठ पुसले. म्हणाले, "आई, जरा पाणी देता?"

सारूआई बघतच राहिली. "उकळलेलं न्हाई, साहेब. विहिरीचं हाय."

"चालेल. द्या."

ती त्यांच्यासमोर आली. घागर वाकवली. त्यांनी ओंजळ धरली आणि प्यायले. अजून मागितलं, अजून प्यायले. शर्ट भिजला, तरी पितच होते. मग ओंजळ तशीच ठेवून त्यांनी मान वर केली. समोर सारूआई, घागर घेतलेली. तिच्या मागं भिंत. साहेबांनी तिच्याकडं बघितलं. मग भिंतीकडं. मग परत तिच्याकडं. आम्ही तिघं कुंचल्यासारखे उभे! देवळात टाकीतला चुना फसफसायचा तेवढाच आवाज.

साहेबांनी कुंचला पायानं बाकड्याखाली सरकवला आणि म्हणाले,

"डॅनियल, नाक चुकलंय."

"बघ!" सारूआई घागरीसकट वळली. "मी काय येडी हाय का? किती वर्षं सांगायलेय!"

"नाक बरोबर हाय!" डॅनियल म्हणाला. आणि या वेळी हळू नाही, चांगलं मोठ्यानं म्हणाला.